बांध सगळ्यांचा, माती एकेकाची

मिरा रोड पूर्वेच्या बेव्हर्ली पार्कमध्ये आज माती शोधावी लागते. इमारती, काँक्रीटचे रस्ते, फरशी घातलेली आवारे, गाड्यांच्या रांगा. उघडी जमीन उरली आहे ती झाडांच्या आळ्यांत आणि एखाद्या उद्यानाच्या हिरवळीखाली, आणि तीही बहुधा बाहेरून आणून पसरलेली लाल माती. मात्र या भागात इमारतीच्या पायासाठी खोदकाम होते, तेव्हा भरावाचा थर संपल्यावर जुनी माती वर येते. ती काळपट, चिकट आणि ओली असते, तिला खाडीचा वास असतो. भरती-ओहोटीने आणि डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्यांनी मिळून हजारो वर्षे टाकलेला हा गाळ. पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तनचा समुद्रकिनारा, आणि मधे हा सखल पट्टा.

शहर येण्याआधी या पट्ट्यात भातखाचरे होती, मिठागरे होती, तिवरांची राने होती. मिरा, काशी, नवघर, गोडदेव, खारी, राई, मुर्धे, मोर्वे अशी आगरी-कोळ्यांची आणि ख्रिस्ती शेतकऱ्यांची गावे या जमिनीवर जगत. १९८५ मध्ये इथल्या ग्रामपंचायती एकत्र करून मिरा-भाईंदर नगर परिषद झाली, २००२ मध्ये महानगरपालिका. दोन पिढ्यांच्या आत भातशेतीचा प्रदेश उपनगर बनला.

ही शेतजमीन कुणाला आयती मिळालेली नव्हती. कोकणच्या खाडीकाठची खारजमीन माणसांनी समुद्राकडून मागून घेतलेली आहे. ती मिळवायला गाव लागला आणि टिकवायलाही गावच लागला. सातबारा एकेकाच्या नावावर असला, तरी त्या सातबाऱ्यावरच्या मातीचा जीव सगळ्यांनी मिळून राखलेल्या बांधात होता. मातीचे आरोग्य टिकवायचे असेल तर एकट्या शेतकऱ्याला शहाणे करून भागत नाही, शेजाऱ्यांना, गावांना आणि जिल्ह्यांना एकत्र यावे लागते. जगभरच्या परिषदांत आज हे पटवून द्यावे लागते. कोकणच्या किनाऱ्याने ते शेकडो वर्षे करून दाखवले आहे, आणि ते कुठे मोडते हेही दाखवले आहे.

खारातून भाताकडे

खारजमीन घडते कशी, ते आधी पाहू. खाडीच्या काठाला, उधाणाच्या भरतीचे पाणी पोचते त्याहून उंच असा मातीचा बांध घालतात. ओहोटीच्या वेळी खाडीतलाच चिकट चिखल कापून काढायचा, हातोहात पुढे द्यायचा, थरावर थर चढवायचा, वर पेंढा किंवा गवत, आणि लाटांचा मारा असेल तिथे दगड. बांधात ठरावीक जागी पाणी सोडायची वाट ठेवतात. रायगडात तिला उघाडी म्हणतात. उघाडीला झडप असते. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने झडप बंद होते. ओहोटी लागली की आतल्या पाण्याचा दाब तिला उघडतो आणि शेतातले पाणी खाडीत निघून जाते. वीज नाही, पंप नाही. चंद्राच्या ओढीने वर-खाली होणाऱ्या समुद्रालाच निचऱ्याच्या कामाला लावण्याची ही युक्ती आहे.

बांध झाला म्हणून जमीन लगेच पिकत नाही. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि गाळाच्या प्रत्येक थरात ते मुरलेले असतात. ते धुऊन काढण्याचे काम पाऊस करतो. कोकणच्या किनाऱ्यावर वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत. पहिल्या सरींचे पाणी खाचरात साठवायचे, क्षार विरघळू द्यायचे आणि ओहोटीला उघाडीतून सोडून द्यायचे. काही पावसाळे असे गेले की वरचा थर भाताच्या मुळांना सोसवेल इतका गोडा होतो.

तरीही धोका संपत नाही. पाऊस थांबला की ऊन जमिनीतला ओलावा खेचू लागते, आणि दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे खालचे खारे पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून वर चढते. पाण्याची वाफ होते, मीठ मागे राहते. फाल्गुन-चैत्रात खारजमिनीवर पांढरी साय दिसते ती यामुळे. म्हणून इथे मुख्य पीक पावसाळी भाताचे. आणि म्हणून दर वर्षी पहिल्या पावसाआधी बांध आणि उघाडी तपासणे हे पेरणीइतकेच महत्त्वाचे काम.

मीठ मातीचे नेमके काय बिघडवते? पहिले, मुळांना पाणी ओढणे कठीण होते. मातीत ओल असूनही रोप तहानलेले राहते. दुसरे नुकसान जास्त खोल आहे. सोडियमचे कण चिकणमातीच्या कणांना चिकटले की त्यांची एकमेकांवरची पकड सुटते. ढेकळातली मोकळी जागा बुजते, हवा खेळत नाही, पाणी मुरत नाही. ओली असताना राड आणि वाळल्यावर दगड, अशी ती माती होते. कॅल्शियम आणि सेंद्रिय पदार्थ हीच पकड पुन्हा जुळवतात. त्यासाठीच अशा जमिनीत जिप्सम, शेणखत, हिरवळीचे खत आणि भाताचा पेंढा घालतात. पण कितीही खत घातले तरी बाहेरून खारे पाणी शिरत राहिले, तर ते सगळे वाया जाते. खारजमिनीत बांध आधी आणि खत नंतर.

या जमिनीसाठी शेतकऱ्यांनी बियाणेही निवडून काढले. रायगडात राता नावाने ओळखले जाणारे लाल भात, गोव्यात कोरगुट. उंच वाढणारी, खारेपणा सोसणारी, थोडे दिवस पाण्याखाली राहिली तरी तग धरणारी ही वाणे. काही ठिकाणी रोपे लावण्याऐवजी मोड आलेले बी चिखलात फेकतात, त्याला रहू म्हणतात. डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ ही क्षार सोसणारी वाणे दिली. शेतकऱ्याची निवड आणि केंद्राचे शास्त्र, दोन्ही इथे एकाच कामाला लागले आहेत.

बांध कोणी राखायचा?

खारजमिनीचा सगळा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो. बांधाला एका जागी खांड पडली तर पाणी फक्त त्या जागेच्या शेतात थांबत नाही. बंदिस्तीतली, म्हणजे त्या बांधाने वेढलेल्या जमिनीतली, शंभर शेते एका उधाणात खारी होतात आणि पुन्हा पिकायला काही पावसाळे जावे लागतात. खेकड्याचे एक बीळ, उंदराचे एक भोक, कुजलेली एक फळी, आणि सगळ्यांचे वर्ष बुडाले. आपापल्या शेतापुरता बांध कितीही चोख राखला, तरी त्याने कुणीच वाचत नाही.

अलिबागच्या खारेपाटात या सामाईक कामाची रीत होती, तिला जोळ म्हणत. बंदिस्तीतल्या प्रत्येक घराने ठरलेल्या दिवशी माणूस द्यायचा, चिखल वाहायचा, खांड बुजवायची. उधाणाच्या रात्री हाक आली तर हातातले काम टाकून बांधावर जायचे. ही कुणी केलेली मेहेरबानी नव्हती. बांधाआत शेत असलेल्याचे ते कर्तव्य होते आणि ते टाळणाऱ्याला गाव जाब विचारत असे.

दुसरी रीत होती कंत्राटाची. १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरमध्ये शिलोत्री जमिनींचे वर्णन आहे. बाहेरचा बांध राखायची जबाबदारी शिलोत्रीदाराची आणि त्याबदली बंदिस्तीतल्या शेतकऱ्यांकडून त्याला भात मिळायचे. मिरा-भाईंदरचाही इतिहास याच जातीचा आहे. १८७० मध्ये ब्रिटिश सरकारने भाईंदर, मिरा आणि घोडबंदर या गावांतली जमीन रामचंद्र लक्ष्मणजी यांना ९९९ वर्षांच्या पट्ट्याने दिली. खारे पाणी शेतात येऊ नये म्हणून बांध राखणे हा त्या व्यवहाराचा गाभा होता. पुढे बांधाआतली शेती उरली नाही, जमिनीला शहराचा भाव आला, आणि त्या पट्ट्यातून निघालेले मालकीचे वाद मात्र आजपर्यंत चालत आले. बांधासाठी दिलेला हक्क बांधाहून जास्त टिकला.

कंत्राटाच्या रीतीत मूळ दोष असा की बांधावर चिखल वाहणारा एक आणि पिकावर हक्क सांगणारा दुसरा. याच अन्यायाविरुद्ध अलिबाग तालुक्यातल्या चरीमध्ये २७ ऑक्टोबर १९३३ रोजी शेतकऱ्यांनी खोत-सावकारांची जमीन कसायचे बंद केले. नारायण नागू पाटील यांनी उभा केलेला हा संप १९३९ पर्यंत चालला. खारेपाटातल्या कुळांनी उपासमार सोसली, लाकूड तोडून विकले, पण नांगर धरला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांना पाठबळ दिले आणि १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. पुढे १९३९ च्या कूळकायद्याने कुळांच्या हक्काची पहिली दखल घेतली. हा संप आपण हक्कांच्या इतिहासात वाचतो. मला तो मातीच्या इतिहासातही तितकाच मोलाचा वाटतो. ज्याच्या घरात धान्य पोचत नाही, त्याच्याकडून मातीच्या आरोग्याची अपेक्षा करणे अन्याय आहे. सहकार्य टिकायचे तर कष्टाचा आणि पिकाचा धनी एकच असायला हवा.

स्वातंत्र्यानंतर सरकार बांधाच्या कामात उतरले. १९४८ मध्ये मुंबई खारजमीन कायदा आला, १९७९ मध्ये महाराष्ट्र खारजमीन विकास कायदा. ठाणे-पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत शेकडो बंदिस्त्या सरकारी योजना झाल्या. दगडी पिचिंग, पक्क्या उघाड्या, अभियंते, अंदाजपत्रके आली. गावाला कधीच झेपले नसते असे काम यातून झाले, हे मान्य करायला हवे. पण त्याबरोबर जोळ विरत गेली. बांध सरकारचा झाला, मग खांड पडली की गावाने चिखल उचलण्याऐवजी अर्ज लिहिला. अर्जाला मंजुरी लागते, मंजुरीला निधी लागतो, निधीनंतर निविदा निघते. उधाण पंधरा दिवसांनी परत येते आणि निविदेला त्याहून फार जास्त वेळ लागतो.

मधल्या काळात फुटक्या बांधाआत खारे पाणी रोज ये-जा करते आणि चिखलात तिवरे उगवतात. अलिबाग-पेणच्या पट्ट्यात भातशेतीची तिवरांची राने झालेली अनेक शेतकऱ्यांनी पाहिली आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशापासून तिवरांना राज्यभर संरक्षण आहे आणि ते असायलाच हवे. बांधाच्या बाहेर उभी तिवरे लाटांचा जोर मोडतात, गाळ धरतात, मासळीची पिल्ले वाढवतात. बांधाला त्यांच्यासारखी ढाल नाही. पण बांधाच्या आत उगवलेले तिवर खांड वेळेवर बुजली नाही याची खूण असते, आणि एकदा ते रुजले की तिथे शेतकऱ्याला पुन्हा नांगर घालता येत नाही. म्हणून बांधांचे काम पाहणारा सरकारी खारभूमी विभाग, वन विभाग आणि शेतकरी यांना एका वर्षाच्या आत, तिवर रुजण्याआधी, एकत्र बसून निर्णय घेता आला पाहिजे. आज तिघांची दप्तरे वेगवेगळ्या कार्यालयांत आहेत. पाणी मात्र एकाच खांडीतून येते.

गोव्याची खाजने

हीच जमीन दक्षिणेला खाजन म्हणून ओळखली जाते. मांडवी आणि झुआरीच्या काठाने गोव्यात सुमारे १८ हजार हेक्टर खाजन आहे. जांभा दगड, चिखल आणि पेंढा यांचे बांध, लाकडी झडपांचे मानस आणि आतून वाहणारे पाणी साठवणारा पोंय. उंच जागी वस्ती आणि बागायत, मधल्या जागी भात, सगळ्यात खाली पोंय आणि मासे, अशी पातळीनुसार जमिनीची वाटणी.

या सगळ्याचा कारभार गावकरी नावाची गावाची संस्था पाहत असे. ती पोर्तुगीजांच्या आधीची. १५२६ मध्ये पोर्तुगीज सत्तेने फोराल नावाच्या सनदेत तिचे रिवाज लिहून घेतले आणि नंतर ती कोमुनिदाद म्हणून कायद्यात आली. तिच्या व्यवस्थेतली एक गोष्ट मला विशेष शिकण्यासारखी वाटते. मानसाजवळ मासे पकडायच्या हक्काचा गाव लिलाव करत असे आणि ते उत्पन्न गावाच्या तिजोरीत येई. त्या तिजोरीतून बांध दुरुस्त होत. ज्या बांधामुळे मासे मिळतात त्याच बांधाच्या देखभालीला माशांचा पैसा लागे. वर्गणी मागावी लागत नसे, अनुदानाची वाट पाहावी लागत नसे.

मुक्तीनंतर १९६४ मध्ये गोव्यात कूळ कायदा आला. कुळांना संरक्षण मिळाले, जे न्याय्यच होते. बांधांची जबाबदारी गावकरीकडून कुळांच्या संघांकडे गेली. पण बऱ्याच गावांत शेती परवडेनाशी झाली आणि मासळीचा भाव चढत गेला. तेव्हा मानस भाताच्या सोयीने उघडायचा की माशांच्या, हा प्रश्न उभा राहिला. भाताला खारे पाणी बाहेर हवे, कोळंबीला ते आत हवे. झडप जास्त वेळ उघडी राहिली तर मासे जास्त आणि माती खारी. अनेक खाजनांत तसेच झाले. चरीच्या उलट बाजूने गोवा तोच धडा देतो. इथे हक्क कसणाऱ्याला मिळाला, पण हक्काबरोबर सामाईक निर्णयाची ताकद आणि सामाईक तिजोरीची शिस्त पोचली नाही. दोन्ही एकत्र लागतात.

खालून येणारे मीठ

बांध नसलेल्या ठिकाणीही माती खारवते. देशात क्षारग्रस्त जमीन सुमारे ६७ लाख हेक्टर आहे आणि महाराष्ट्रात सुमारे ६ लाख हेक्टर. महाराष्ट्रातल्या अशा जमिनीचा मोठा वाटा समुद्रापासून दूर, कालव्यांच्या आणि नद्यांच्या काठच्या काळ्या जमिनीत आहे. १८८५ मध्ये नीरा डावा कालवा वाहू लागला, आणि विसावे शतक उजाडल्यावर त्याच्या पाण्याखालची जमीन पाणथळ आणि खारट होत असल्याचे अभियंत्यांच्या लक्षात आले. कृष्णा-पंचगंगेच्या काठी तेच पुढे जास्त मोठ्या प्रमाणात घडले. ऊस, उपसा सिंचन, मोकाट पाणी, निचरा न होणारी खोल काळी माती. भूजल वर आले आणि त्याच्याबरोबर क्षार. सांगली-कोल्हापूरचे शेतकरी अशा जमिनीला मीठफुटी म्हणतात. एकेकाळी टनांवर टन ऊस देणारी शेते पांढरी पडली, त्यांत काटेरी झुडपे माजली, आणि ज्यांच्याकडे कागदावर एकरांनी जमीन होती ते मजुरीला जाऊ लागले.

इलाज माहीत होता. जमिनीत चार-सहा फूट खोल सच्छिद्र पाइप ठरावीक अंतराने पुरायचे. जास्तीचे खारे पाणी त्यात झिरपते आणि उताराने बाहेर पडते. वरून पावसाचे किंवा सिंचनाचे गोडे पाणी क्षार धुऊन खाली नेते. जोडीला सेंद्रिय खत, हिरवळीची पिके आणि बेताचे पाणी. पण एका शेतकऱ्याने आपल्या दोन एकरांत पाइप पुरले तर पाणी सोडायचे कुठे? पाइप शेजाऱ्याच्या बांधाखालून, त्याच्या शेजाऱ्याच्या रानातून, गावच्या ओढ्यापर्यंत न्यावा लागतो. त्या वाटेवरचा एक माणूस नाही म्हणाला तरी सगळी रेघ थांबते.

शिरोळच्या श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखान्याने गणपतराव पाटील यांच्या नेतृत्वाखाली हा अडसर सोडवण्याचे काम हाती घेतले. गावागावांत शेतकऱ्यांचे गट उभे राहिले, सर्वेक्षण झाले, मुख्य वाहिनी सामाईक आणि शेतातले पाइप ज्याचे त्याचे अशी रचना झाली. कर्जासाठी पत आणि वसुलीची खात्री कारखान्याने दिली, कारण शेतकऱ्याचा ऊस त्याच कारखान्यात येतो. शिरोळ तालुक्यातली पडीक झालेली हजारो एकर जमीन यातून पुन्हा लागवडीखाली येऊ लागली. हा तालुका कर्नाटकाच्या सीमेला लागून आहे आणि कृष्णेचे पाणी राज्यांची सीमा पाळत नाही. वरच्या गावाचा निचरा खालच्या गावाच्या ओढ्यात जातो. खालच्या गावाला विश्वासात घेतल्याशिवाय वरच्याची माती सुधारत नाही.

सहकारी कारखाना म्हटले की राजकारणाची आठवण आधी होते. पण शिरोळमध्ये त्याच सहकाराने एक नवे काम केले: उसाच्या पलीकडे जाऊन ऊस ज्यात उभा राहतो त्या मातीचा हिशोब मांडला. आजवर दर साखर कारखान्याने टनेज मोजले. प्रत्येकाने आपल्या कार्यक्षेत्रातल्या मातीचा सेंद्रिय कर्ब आणि क्षारता दर वर्षी मोजून वार्षिक सभेत मांडली, तर महाराष्ट्रातली कितीतरी माती वाचेल.

किनाऱ्यापलीकडची साथ

समुद्राशी व्यवहार करणारे आपण एकटे नाही. नेदरलँड्समध्ये बांध आणि निचरा सांभाळणारी जलमंडळे आहेत. ऱ्हाइनलँड भागातल्या मंडळाचा उल्लेख १२५५ पासून सापडतो. आज देशात अशी २१ मंडळे आहेत. त्यांच्या स्वतंत्र निवडणुका होतात आणि त्यांना स्वतःचा कर बसवता येतो. बांधाचा निर्णय, बांधाचा पैसा आणि बांधाचे उत्तरदायित्व एकाच जागी, हे त्यांच्या दीर्घायुष्याचे कारण. आपल्या गावकरीत आणि जोळीत हेच बीज होते.

बियाण्यांची साथ याहून लांब पोचली आहे. केरळात एर्नाकुलम आणि आसपासच्या खाडीकाठी पोक्कळी नावाचे खारे पाणी सोसणारे भात पिकते. त्या भातात सापडलेला क्षारसहनशीलतेचा गुणसूत्रभाग शास्त्रज्ञ सॉल्टॉल म्हणून ओळखतात. फिलिपाइन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेपासून बांगलादेशापर्यंत नव्या वाणांत तो उतरवला गेला आहे. खाडीकाठच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेले बी आज अनेक देशांच्या किनाऱ्यांना आधार देते आहे. उत्तर कन्नडची गजनी, गोव्याचे खाजन, कोकणची खार आणि केरळची पोक्कळी शेते ही एकाच अरबी समुद्राच्या काठची भावंडे आहेत. चार राज्यांतल्या कृषी संशोधन संस्था, खारभूमीचे अभियंते आणि शेतकऱ्यांचे गट दर वर्षी एकमेकांच्या बंदिस्त्या पाहायला गेले, वाणांची देवाणघेवाण झाली, उघाडी-मानसांच्या रचनांची तुलना झाली, तर ते खरे प्रादेशिक सहकार्य ठरेल. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१२ मध्ये जागतिक मृदा भागीदारी सुरू केली, दर वर्षी ५ डिसेंबरला जागतिक मृदा दिन साजरा होतो. पण भागीदारीची खरी परीक्षा उधाणाच्या रात्री बांधावर होते.

वसईच्या खाडीकाठी

आता पुन्हा बेव्हर्ली पार्ककडे, तिथे राहणाऱ्या माणसाकडे येऊ, कारण त्यालाही यात जागा आहे. त्याच्या पायाखालची शेती परत येणार नाही. पण त्याच खाडीवर अजून जगणारी माती आहे: उत्तन-डोंगरीच्या वाड्या, खाडीपलीकडच्या वसईची केळी-फुलांची शेती, पालघर आणि रायगडच्या खारबंदिस्त्या. शहर या मातीला तीन मार्गांनी भिडते.

पहिला मार्ग कचऱ्याचा. आपल्या शहरांच्या कचऱ्यात अर्ध्याच्या आसपास ओला भाग असतो. भाजीची देठे, साली, उरलेले अन्न हे शेतातून निघालेले सेंद्रिय धन आहे. मिरा-भाईंदरचा कचरा उत्तनच्या डोंगरावर जातो आणि तिथल्या ग्रामस्थांनी त्याचा धूर आणि दुर्गंधी वर्षानुवर्षे सोसली आहे. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी मोठ्या गृहसंकुलांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितले. यात मातीच्या बाजूने एक अट महत्त्वाची आहे. काच, प्लास्टिक आणि बॅटऱ्या मिसळलेल्या कचऱ्याचे खत शेतात घातले तर जड धातू मातीत उतरतात आणि ते पावसाने धुऊन जात नाहीत. म्हणून ओला-सुका वेगळा करणारी गृहिणी आणि सोसायटीचा सफाई कामगार मातीच्या आरोग्याचे पहिले राखणदार आहेत. गृहसंकुलांत तयार झालेले स्वच्छ खत तपासून खाडीकाठच्या शेतकऱ्यांपर्यंत पोचवणारी साखळी महापालिकांनी आणि कृषी विभागाने मिळून उभी करायला हवी.

दुसरा मार्ग राडारोड्याचा. पाडलेल्या इमारतींचे डेब्रिज तिवरांत आणि पाणथळीत टाकले की त्या जागेबरोबर शेजारच्या सगळ्या निचऱ्याची वाट बंद होते. शेतात पाणी तुंबते, क्षार साचतात, आणि पावसाळ्यात तेच पाणी वस्तीतही शिरते. भरावाच्या प्रत्येक परवानगीआधी पाणी कुठून कुठे जाते याचा नकाशा शेजारच्या गावांसमोर मांडला गेला पाहिजे.

तिसरा मार्ग मोजमापाचा. २०१५ पासून शेतकऱ्याला मृदा आरोग्य पत्रिका मिळते. तीत १२ घटकांची तपासणी असते आणि क्षारता त्यांत आहे. पण पत्रिका एका शेतकऱ्याच्या नावाची असते आणि खारजमिनीतले मीठ सर्व्हे नंबर बघून चढत नाही. त्यासाठी पूर्ण बंदिस्तीची एकच पत्रिका हवी. दर वर्षी पावसाळ्याआधी आणि नंतर, बांधाजवळची, मधली आणि उघाडीजवळची माती एकाच आठवड्यात तपासावी. कुठून पाणी पाझरते ते त्या नकाशावर आधी दिसेल आणि खांड पडण्यापूर्वी बांध दुरुस्त होईल. परिसरातल्या कृषी आणि विज्ञान महाविद्यालयांचे विद्यार्थी हे काम आनंदाने करतील.

आणि या तिन्हींच्या मुळाशी एक संस्था हवी. वसईच्या खाडीच्या दोन्ही काठांवरच्या महानगरपालिका, ग्रामपंचायती, खारभूमी, वन आणि कृषी विभाग, शेतकरी, कोळी आणि मिठागरवाले यांचे एक मंडळ. त्याला बांध, निचरा आणि तिवरे यांबद्दल निर्णयाचा अधिकार असावा. खाडीतून मिळणाऱ्या उत्पन्नाचा ठरावीक वाटा थेट त्याच्या तिजोरीत यावा. आणि बांध राखणाऱ्या हातांना त्यातून मोबदला मिळावा. हे स्वप्नरंजन नाही. जोळीकडे शिस्त होती, गावकरीकडे तिजोरी होती, शिरोळकडे संघटना आहे, चरीने न्याय काय असतो ते सांगितले आहे. आपल्या भूमीत हे सगळे तुकडे तयार आहेत, जुळवायचे राहिले आहेत.

माती सुधारण्याची प्रत्येक सरकारी योजना यापुढे तीन प्रश्नांवर पारखली पाहिजे. कष्ट कोण करणार, पीक कुणाच्या घरी जाणार, आणि निर्णय कोण घेणार? तिन्हींचे उत्तर एकच माणसे असतील तर ती माती शतकानुशतके पिकेल. उत्तरे वेगवेगळी निघाली, तर जिप्समच्या कितीही गोणी ओतल्या तरी ती पुन्हा खारवेल.